पोटाच्या नावाचा नारळ

माझी छाती बरी झाली म्हणून देवीला जो नारळ द्यायचा होता, तो पोटाच्या नावाने फुटणार होता. घरच्यांनी शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला थापा मारल्या, ते मी समजून घेतलं. पण आमच्या लोकांनी देवीलाही सोडलं नाही.

सुरुवातीपासून सांगते. मी सुमंगला, पार्शाच्या परबांच्या घरातली थोरली सून. पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर मला खोकला लागला. महिनाभर आल्याचा रस झाला, मिरीचा काढा झाला, आणि एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं. माझा नवरा विनायक मराठी शाळेत मास्तर. त्याने रजा टाकली आणि मला शहरातल्या छातीच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, टीबी आहे, दोन महिने इंजेक्शनं आणि एकंदर अठरा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, बरी होशील. हे ते इतक्या सहज म्हणाले की मला रडूच आलं नाही.

घरी मात्र वेगळीच चूल पेटली. माझ्या धाकट्या दिराची, अविनाशची, सोयरीक त्याच वेळी नार्व्याच्या एका घरात ठरत आली होती. सासूबाईंना आम्ही सगळे मांय म्हणतो. मांयने दार लोटून घेतलं आणि विनायकला सांगितलं, "नार्व्याच्यांनी आयकलें तर सोयरीक मोडली म्हणून समज. हें भायर जावंक फावना."

म्हणून इस्पितळात माझं नाव लागलं ज्योती केरकर. ज्योती हे माझं माहेरचं नाव, आणि माझं माहेर केरीला. इंजेक्शनं संपल्यावर मी केरीलाच राहिले आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी सासरी परतले. गावाला सांगितलं होतं की सुमंगलाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. लग्नमांडवात एका बाईने मला कोपऱ्यात घेऊन व्रण दाखव म्हणून हट्ट धरला. टाके आतून घातले आहेत असं मी तिला ठोकून दिलं. म्हणजे मी काही धुतल्या तांदळाची नाही. खोटं मांयने शिजवलं असेल, पण पानात वाढलं मीच.

आता देवीचं. आमच्या गावात कुणाच्या घरी दुखणं आलं, म्हैस हरवली, पोराला नोकरी लागली, की सोमवारी सकाळी देवळात गाऱ्हाणं घालतात. गावचे मानकरी कृष्णनाथकाका देवीसमोर उभे राहून त्या घराचं सुखदुःख मोठ्याने सांगतात, आणि मागे उभे असलेले पुरुष प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. त्यामुळे देवीला सांगितलेली गोष्ट त्याच दमात सगळ्या वाड्याला कळते. मांयपुढे पेच पडला. सुनेसाठी देवीला साकडं तर घालायचं, पण वाड्याला कळू द्यायचं नाही. तिने कृष्णनाथकाकांना पोटाचं दुखणं सांगितलं, आणि काकांनी खणखणीत आवाजात माझं पोट बरं कर म्हणून देवीला विनवलं. मी तेव्हा इस्पितळात होते. हे कळल्यावर मी इतकी हसले की खोकल्याची उबळ आली. देवीने मात्र आपलं काम चोख केलं. अठरा महिन्यांत माझं पोट एकदाही दुखलं नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात शेवटचा फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि म्हणाले, "झालं. आता इथे पुन्हा यायचं नाही." मांडवीवरचा पूल आदल्या पावसाळ्यात पडल्यापासून फेरीबोटीनेच ये-जा होती. त्या गर्दीत कठड्याला टेकून मी उभी होते, आणि कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटत होतं की शेजारच्या कोळणीलाच मी म्हटलं, "हांव बरी जालें गो." तिला काही कळलं नाही. तरी ती हसली आणि टोपली सरकवून मला जागा दिली.

घरी ही बातमी मी चुलीपाशी कुजबुजत सांगितली. मांयने माझ्या तळहातावर गूळ ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते. तिने माझ्यासाठी अठरा महिने सोमवार धरले होते. डोळे पुसून ती म्हणाली, "येत्या सोमवारा नारळ दिवया. कृष्णनाथाक सांगतां, पोट बरें जालें म्हणून."

"अजून पोटच?" मी म्हटलं.

"मग कितें?" मांय म्हणाली आणि भाताकडे वळली.

त्या वर्षी सगळ्या गोव्यात भाषेवरून रण पेटलं होतं. राजभाषेचा कायदा फेब्रुवारीत झाला, घटक राज्य होणार अशी बोलवा रोज कानांवर येत होती. विनायक सभांमध्ये गळा फाडून बोलायचा, घरी आला की ओसरीवर त्याचे वाद चालायचे. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, भाषा कुठलीही असू दे, या घरात एक शब्द कुठल्याच भाषेत बोलायची सोय नाही.

आणि मग मला देवकीचा खोकला ऐकू आला.

देवकी म्हणजे नार्व्याहून आलेली माझी धाकटी जाऊ. वय बावीस. अविनाश डिचोलीला खाणीच्या कचेरीत कारकून, शनिवारी घरी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे देवकीचा दिवस माझ्याबरोबरच जाई. काजूचा हंगाम संपत आला होता. आम्ही दोघी बागेत बोंडवं पिळून बिया वेगळ्या करत बसलो होतो. तिन्हीसांज व्हायला आली की ती गप्प व्हायची आणि गालांवर लाली चढायची. मी विचारलं की म्हणायची, उन्हाने. त्या दिवशी ती पदर तोंडावर दाबून खोकत मध्येच उठली आणि विहिरीकडे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागे गेले. बाल्दीत पाणी घेऊन ती एक लेंस, म्हणजे हातरुमाल, घासत होती. पाणी लालसर झालं होतं.

मला काही विचारावं लागलं नाही. त्या रंगाची माझी जुनी ओळख.

"कितल्या दिसांचें हें?" मी म्हटलं.

"शिगम्यापासून." तिने रुमाल पाठीमागे लपवला. "वयनी, तुमच्या पायां पडटां, कोणाक सांगूं नाकात."

मग ती रडत रडत बोलत सुटली. नार्व्याला तिची एक मावशी होती. तिला हेच झालं. घरच्यांनी तिला नदीकाठच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, ठेवलं. जेवणाचं ताट काठीने आत ढकलायचे. सहा महिन्यांत ती गेली, आणि मागून तिची गोधडी, कापडं, कंगवासुद्धा जाळला. लहानगी देवकी लांबून बघत होती. "मका ठावक आसा हें कितें तें," ती म्हणाली. "हाका वखद ना. मका मांगरांत मरपाचें ना, वयनी. हांगाच, कामां करतां करतां मरतलें."

मी तिचे दोन्ही हात धरले. "हाका वखद आसा. मका हेंच जाल्लें, देवकी. हेंच. आनी हांव बरी जालें."

तिने रडं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तिच्या जिवात जीव येईल. पण ती हसली. दुखणेकऱ्याला कुणी उगाच धीर देतंय हे ओळखल्यावर माणूस हसतं, तसं.

"तुमी म्हजें मन राखपाक सांगता," ती म्हणाली. "तुमकां पोटाचें जाल्लें."

"ती फट गो. सगळ्यांक सांगिल्ली फट."

"देवळांत पोटाचें गाराणें घाल्लें न्हय? येत्या सोमवारा पोटाचोच नारळ न्हय?" तिने मान हलवली. "देवीक कोण फट सांगता, वयनी?"

देवीला खोटं आमच्याशिवाय कोण सांगणार?

मी घरात जाऊन ट्रंकेच्या तळातून इस्पितळाचे कागद आणले. तिने अक्षरं लावली. "ज्योती केरकर. ही कोण?"

"हांवच. म्हायेरचें नांव."

"लग्न जाल्ल्या बायलेचें म्हायेरचें नांव कित्याक बरयतले?" तिने कागद परत दिला. "आनी एक सांगां. तुमकां तें जाल्लें आसतें तर मांयन तुमकां चुलीकडेन येवंक दिलें आसतें? एका ताटांत जेवंक दिलें आसतें?"

तिच्या जागी मी असते तर माझाही विश्वास बसला नसता. आम्ही खोटं इतकं नेटाने बांधलं होतं की त्याला आता कुठे फटच सापडेना. मी म्हटलं, मग मांयलाच विचारू. तशी तिने माझा हात झिडकारला. "कोणाकय सांगलें तर हांव ह्या बांयत उडी मारतलें. तुमची शपथ." विहिरीकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर धमकी देणाऱ्याची नव्हती. मी शपथ घेतली.

ती सबंध रात्र माझ्या डोक्यात एकच विचार. हे दुखणं हिला माझ्याकडून आलं का? मी घरी परतले तेव्हा माझी थुंकी स्वच्छ होती, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. मावशीकडूनही आलं असेल, हवेतूनही आलं असेल. पण दुखणं माझं नसलं तरी तिची भीती मात्र आमच्या घरात पोसलेली होती. माझ्या दुखण्याचं नाव मी एवढ्या दिवसांत एकदा जरी तिच्यासमोर घेतलं असतं, तर शिगम्यातच ती माझ्याकडे आली असती. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ रागही आला. माझा राग बरा असतो. तो आला की मी कामाला लागते.

आधी नवऱ्याला गाठलं. देवकीचं नाव न काढता म्हटलं, "आता मी बरी झाले. घरातल्या माणसांना तरी खरं सांगूया. देवकीसमोर तुम्हीच सांगा, तुमचा शब्द ती मानेल."

विनायकने वर्तमानपत्र खाली केलं. "मांयक विचार," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. सभेत टेबलावर मुठी आपटणारा माणूस घरात मूग गिळून बसतो, तो असा.

मांयला मी सरळ सांगितलं, सोमवारी छातीचं सांगायचं. तिने हातातला विळा खाली ठेवला.

"लग्न जालें, संवसार जालो, आतां कित्याक उकरून काडटा?"

"देवीला खोटं सांगितलंय म्हणून."

"देवीक सगळें कळटा. कळना तें वाड्याक." मांयने आवाज खाली आणला. "आनी तुजी रोहिणी? उद्यां तिचें लग्न करपाचें आसा. आवयक टीबी आशिल्लो म्हणून चलयेक कोण करतलो?"

माझी लेक रोहिणी तेव्हा सहा वर्षांची होती. अंगणात पेरूच्या झाडाला लोंबकळत होती. तिच्या लग्नाची काळजी करायला आम्हाला वेळ होता, आणि इथे बावीस वर्षांची पोर रुमाल धूत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण शपथ आडवी आली. तेवढ्यात मनात आलं की शपथ देवकीच्या दुखण्याची आहे. माझ्या दुखण्याबद्दल कुणी मला शपथ घातलेली नाही. आणि देवकी कुठला शब्द मानते तेही तिनेच मला सांगून टाकलं होतं, देवीसमोर बोललेला.

रविवारी दुपारी मी कृष्णनाथकाकांकडे गेले. सत्तरीचा माणूस, अंगणात बसून सुंभ वळत होता. मी विचारलं, "काका, गाऱ्हाण्यात कुणाचं काही सांगायचं राहिलं तर?"

"राविल्लें सांगपाक म्हणूनच हांव नारळ फोडचे आदीं फाटीं वळून विचारतां," काका म्हणाले. "फाटल्या वर्सां रामचंद्राची म्हस सांगपाची रावली. घोव-बायलेचें झगडें सांगलें, म्हस रावली. तो फाटल्यान बोवाळ घालूंक लागलो, तेन्ना तीय घातली."

"बाईमाणसाने सांगितलं तर चालतं?"

काकांचे हात थांबले. "आयजपर्यंत कोणे बायलेन सांगूंक ना," ते म्हणाले. "सांगूं नये म्हणूनय कोणे सांगूंक ना." आणि पुन्हा सुंभ वळू लागले. मी उठले तेव्हा ते खाली मान घालूनच म्हणाले, "हांव घरान सांगलें तें सांगतां, बाये. तें खरें काय फट तें पळोवपाचें काम म्हजें न्हय. पूण राविल्लें सांगल्याबगर म्हज्यान नारळ फोडूंक जायना."

सोमवारी सकाळी देवकी डोकं दुखतंय म्हणून मागे राहू बघत होती. मी नारळाचं तबक तिच्याच हातात दिलं आणि म्हटलं, "चल. हें तुकाच धरूंक जाय." देवळात वीस-पंचवीस पुरुष होते, बायका खांबांच्या पलीकडे. अविनाशची बस पहाटेच गेली होती. विनायक पुरुषांच्या पुढच्या रांगेत, धुतलेला सदरा घालून उभा होता.

कृष्णनाथकाकांनी नारळ हातात घेतला.

"गे माऊली, गावच्या शिवेची राखणदारीण तूं, आयज परबांच्या घरचीं लेकरां तुज्या पायांकडेन आयल्यांत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरच्या व्हडल्या सुनेच्या पोटांत दुखणें आयल्लें. तें तुवें बरें केलें."

"व्हय म्हाराजा!"

माझ्या शेजारी देवकीने मान किंचित माझ्याकडे वळवली. बघा, असं त्यात होतं. काकांनी घराची भरभराट मागितली, गुराढोरांचं क्षेम मागितलं, आणि मग नारळ धरलेला हात तसाच ठेवून मागे वळले.

"कोणाचें कितें राविल्लें आसा?"

हा प्रश्न ते दर वेळी विचारतात आणि दर वेळी क्षणभर थांबून देवीकडे वळतात. त्या दिवशी ते वळले नाहीत. मी खांब ओलांडून पुढे गेले. रुमालाचं ते पाणी माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"म्हजें राविल्लें आसा," मी म्हटलं.

मांयने माझा पदर धरल्याचं मला जाणवलं. मी तो सोडवला नाही, तशीच बोलले.

"गे माऊली, हांव परबांची व्हडली सून. म्हायेरचें नांव ज्योती केरकर. म्हज्या पोटांत कांयच नासलें. म्हज्या छातींत टीबी आशिल्लो. खोकल्यांतल्यान रगत पडटालें."

इथे "व्हय म्हाराजा" यायला हवं होतं. आलं नाही. मी विनायककडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता.

"इस्पितळांत इंजेक्शनां घेतलीं. अठरा म्हयने गोळयो खाल्ल्यो, एकय चुकोवंक ना. फाटल्या बुधवारा दोतोरान सांगलें, बरी जालें."

पुन्हा साथ आली नाही. घंटेखाली एक लहान मूल किरकिरलं, तेवढंच.

"आमी तुका फट सांगली, वाड्याक भियेवन. ती चूक पदरांत घे. आनी ह्या दुखण्याक भियेवन जें कोण लिपून बसलां, ताका बुद्द दी. ताका इस्पितळांत धाड. ताका मरूंक दिवं नाका."

माझं संपलं. काका नारळ धरून उभे. साथ मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही आणि नारळ फुटत नाही. कुणीच तोंड उघडेना. मला वाटलं, गेलं सगळं. घराची अब्रूही गेली आणि हाती काही लागलं नाही.

तेवढ्यात खांबापलीकडून आवाज आला. बारीक, घोगरा.

"व्हय म्हा..."

पुढचं अक्षर खोकल्यात बुडालं. देवकी तबक छातीशी धरून वाकली होती. कोरडा, खोलवरून येणारा खोकला, थांबता थांबेना. ज्याने तो एकदा ऐकला आहे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. आणि मांयने तो माझ्या तोंडून महिनाभर ऐकला होता.

माझ्या पदरावरची मांयची मूठ सुटली. तिने देवकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छातीचं सांगायचा हट्ट कशासाठी धरला होता ते तिला त्या एका नजरेत कळलं. तिचा चेहरा पडला, अगदी पडला. पण ती बाई पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन दोन पोरं वाढवलेली. ती देवकीपाशी गेली, तिच्या हातातलं तबक घेऊन जमिनीवर ठेवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि देवीकडे तोंड करून ओरडली,

"व्हय म्हाराजा!"

मग रामचंद्राने साथ दिली. मग आणखी दोघांनी, मग सगळ्यांनी. विनायकने सर्वांत शेवटी, पण दिली. काकांनी नारळ आपटला आणि तो सरळ दोन भकलांत फुटला.

बाहेर पडताना काही बायका आमच्यापासून हातभर लांब सरकल्या, हेही सांगून ठेवते. पोटाचा व्रण बघायला मागणारी तर पायऱ्यांवरून चपला हातात घेऊनच पळाली. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे हळदीकुंकवाला चार घरं आली नाहीत. मांयने ते मनाला लावून घेतलं, मी घेतलं नाही.

घरी ओसरीवर बसल्यावर मांयने देवकीला विचारलं, "कितल्या दिसांचें?"

"शिगम्यापासून."

"मका कित्याक सांगूंक ना?"

मग मांयच म्हणाली, "कशें सांगतली तूं." आणि पदर डोळ्यांना लावला. जरा वेळाने देवकी माझ्याकडे सरकली आणि हळूच विचारलं, "वयनी, खरेंच एका ताटांत जेवूंक मेळटलें?" मी म्हटलं, इंजेक्शनं सुरू झाली की थोडे दिवस जपायचं, मग मेळटलें. एका गोळीने लघवी लाल होते, तेव्हा रक्त समजून बोंब मारू नकोस, मी मारली होती. ती हसली. या वेळचं हसू वेगळं होतं.

विनायक दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याने छत्री घेतली. "दनपारच्या बशीन डिचोल्यां वतां," तो म्हणाला. "अविनाशाक सांगतां. थंयसून नार्व्यां वतां. तांकां हांवच सांगतां, सगळें. तुजेंय." मी त्याला हे करायला सांगितलं नव्हतं. निघताना त्याचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा होता, पण तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने आम्ही तिघी निघालो. मांयला मी घरीच राहा म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. फेरीबोटीत ती देवकीच्या उजवीकडे आणि मी डावीकडे. इस्पितळात बाकांवर माणसं दाटीने बसली होती, आणि नाव लावणाऱ्या कारकुनासमोर रांग. आमचा नंबर आला तेव्हा त्याने मान वर न करता विचारलं, "नांव?"

देवकीने मांयकडे पाहिलं. याच जनेलासमोर, म्हणजे कारकुनाच्या खिडकीसमोर, दीड वर्षापूर्वी विनायकने ज्योती केरकर म्हणून सांगितलं होतं, मला आठवत होतं. कारकुनाने पुन्हा विचारलं.

"देवकी अविनाश परब," मांय म्हणाली. "गांव पार्सें."

"आनी ही कोण?" त्याने पेनने माझ्याकडे बोट केलं.

"ही म्हजी व्हडली सून, सुमंगला. हिकाय हेंच जाल्लें, टीबी." कारकून ऐकत होता, पण मांय त्याच्याशी बोलत नव्हती. बाकांकडे वळून, देवळात काढला होता तसा आवाज काढून ती म्हणाली, "बरी जाली."

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यात एक पोरसवदा बाई पदर तोंडावर गच्च धरून बसली होती. ती उठून आमच्याजवळ आली आणि पदराआडून मला विचारलं, "कितले म्हयने वखद घेतलें गो?"

मी तोंड उघडायच्या आत मांयने सरकून तिला बाकावर जागा केली.

"अठरा," मांय म्हणाली. "बस हांगा. सांगतां."